मंदाग्नीचं पेटंट

४ जानेवारी, सकाळी

नवी वही. पहिल्या पानावर काहीतरी चांगलं लिहायचं, असं शाळेत गुरुजी सांगत. म्हणून संकल्प. पहाटे उठायचं. रोज एक जुनी कविता चालीत म्हणायची. कोणावर चिडायचं नाही. आणि पेटंट हातात पडेपर्यंत यंत्राविषयी कुठे चकार शब्द काढायचा नाही.

पहाटे उठणं आज जमलं नाही. मी जागा होतो, पण अंथरुणातच एक कविता आठवत पडलो होतो आणि तिचं तिसरं कडवं काही केल्या येईना. तेवढ्यात हिच्या हाका सुरू झाल्या. ही एकदा हाक मारायला लागली की मी उठल्याशिवाय थांबत नाही. आवाज चढत नाही, उतरत नाही. अहो, उठा. अहो, उठा. तिसरं कडवं गेलं ते गेलंच.

दुपारी

पेटंट कार्यालयाकडून अर्जाचा नंबर आला! आपण आता नुसते निवृत्त कारकून नाही, अर्जदार आहोत.

आनंदाप्रीत्यर्थ यंत्राची पुन्हा एकदा चाचणी. हिने तांदूळ धुऊन आत घातले, पाणी मोजून ओतलं, मीठ टाकलं, झाकण लावलं. मी कळ फिरवली. आधी आच मोठी, उकळी येताच आपोआप बारीक, आणि झालं की घंटी. भात मोकळा, मऊ. सगळा यंत्राने केला. माणसाचा हात लागला नाही.

नाव ‘मंदाग्नी’. ही म्हणते, तो पोटाचा विकार आहे. हिला काव्य कळत नाही.

११ जानेवारी

पेटंटवाल्या वकीलबाईंकडे. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं हेडमास्तरांसारखं. म्हणाल्या, काका, आता पुढे तपासणी होईल. परीक्षक जगभरातलं जुनं सगळं धुंडाळतात. असलं काही आधी कुठे छापून आलेलं सापडलं तर संपलं. तुम्ही स्वतः अर्जाआधी कुठे काही लिहिलं, दाखवलं, छापलं नाही ना?

मी म्हटलं, छे!

निवृत्तांच्या संघाच्या स्मरणिकेत दोन वर्षांपूर्वी माझी चार ओळींची कविता आली होती, तेवढीच. पण कविता म्हणजे काही छापणं नव्हे. छापलेलं लोक वाचतात.

त्यांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. कार्यालयाला जे काही पाठवायचं ते माझ्यामार्फत. परस्पर एक कागद जाता कामा नये. मी हो म्हटलं. पाणीखात्यात आयुष्यभर आवक-जावक सांभाळली, मला कागद कसा जातो ते शिकवतात.

२ फेब्रुवारी

चिडायचं नाही हा संकल्प तात्पुरता स्थगित. मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, विजेच्या वस्तूंचं दुकान चालवतो. मंदाग्नीकडे बघून म्हणाला, भावोजी, वर घड्याळ, खाली शेगडी. यातली वेळ बघायची की भात?

ही हसली. आपल्या माणसाच्या शोधावर आपलं माणूस हसतं, ते काळजाला लागतं.

मी काही बोललो नाही. मात्र घंटी कशी चालते ते त्याला नीट समजावून दिलं, तासभर. आपली बाजू स्पष्ट असलेली बरी.

२० फेब्रुवारी

अलीकडे परीक्षकांचा विचार मनात घोळतो. काय सुंदर शब्द! परीक्षक. डोळ्यांसमोर लगेच शाळेचा वर्ग उभा राहतो. खिडकीतून तिरपं ऊन, खडूची धूळ, टेबलाशी पांढऱ्या केसांचे गुरुजी, आणि आम्ही एकेक जण उभं राहून कविता म्हणतोय. चुकलं तरी ते डोळे मिटून ऐकत. मला नेहमी दहापैकी आठ. गणितात दोन. पण कवितेत आठ.

परीक्षक तसेच असणार. सहृदय. माझा अर्ज हातात घेऊन ते क्षणभर खिडकीबाहेर पाहतील.

दूध उतू गेलं. ही लक्ष ठेवा म्हणाली होती. पण मी लक्षच ठेवून होतो, दुधावर नव्हे एवढंच. आणि याच कारणासाठी तर मंदाग्नीचा जन्म झाला, हे हिला मी आता किती वेळा सांगू?

१४ मार्च

दगा. शुद्ध दगा.

परीक्षकांचा अहवाल आला. म्हणे आच आपोआप कमी करणारी भांडी जगात पूर्वीपासून आहेत. वेळ लावून बंद होणारीही आहेत. घंटी वाजवणारीही आहेत. तीन जुन्या पेटंटांचे आकडे तोंडावर फेकले. खिडकीबाहेर वगैरे कोणी पाहिलेलं दिसत नाही.

वकीलबाई मात्र थंड. म्हणाल्या, काका, पहिला अहवाल असाच येतो. सगळ्यांनाच येतो. तुमच्या यंत्रात एक गोष्ट मात्र यांच्यापैकी कुठेच नाही. इतरांची घंटी वाजते आणि गप्प होते. तुमची, कोणीतरी येऊन झाकण उघडेपर्यंत वाजतच राहते. आपण बाकी सगळं सोडू आणि एवढ्यालाच धरून बसू.

म्हणजे शेगडी गेली, वेळ गेली, आच गेली. राहिली घंटी. एवढ्या मोठ्या काव्यातून शेवटची ओळ तेवढी ठेवायची! पण ठीक आहे. शेवटची ओळच लोकांच्या ध्यानात राहते.

ही म्हणाली, ती घंटी तुम्हाला सुचली तरी कशी? डोकं उठवते. मी म्हटलं, प्रतिभा.

१६ मार्च

मेहुण्याच्या दुकानात गेलो, सहज. मांडणीवर कुकर, वर घंटी! कळ दाबून पाहिली. तीन ठोके देऊन गप्प. तरीही घंटी ती घंटीच. मी भर दुकानात विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून आलं?

म्हणाला, भावोजी, हा माल तुमच्या यंत्राच्याही आधीपासून इथे धूळ खातोय. कोणी घेत नाही.

म्हणजे कटाची तयारी इतकी जुनी आहे.

गिऱ्हाइकं बघत होती. त्याने मला चहा पाजला. चहात साखर जास्त. अपराधी माणूस असाच वागतो. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं तर ही भावाचीच बाजू घेऊन बोलली. मी पानावरून उठलो नाही, कारण जेवण व्हायचं होतं. पण मनाने उठलो.

५ एप्रिल

वकीलबाईंनी उत्तर पाठवलं. पाच पानं. मला वाचायला दिलं. भाषा रुक्ष, एक उपमा नाही. हे वाचून परीक्षकांचं मन कसं द्रवणार? मी दोन ओळी सुचवल्या. त्या म्हणाल्या, काका, प्लीज.

मला शंका आहे की वकीलबाई मनापासून लढत नाहीत.

१९ एप्रिल

मार्ग सापडला! आणि तो घरातच होता.

सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून हिचा शिवणाचा डबा उघडला. तळाशी, रिळांच्या खाली, घडी करून ठेवलेलं एक पान. स्मरणिकेतलं. माझी कविता!

आधी भडके, मग ओसरते,
मंद मंद ती जळत राहते;
झाले म्हणुनी हाक मारते,
उठेन तोवर मारित असते.

वाचता वाचता अंगावर काटा आला. हा तर मंदाग्नी! आधी मोठी आच, मग बारीक. झालं की घंटी. आणि झाकण उघडेपर्यंत वाजतच राहणं, तेही! हे सगळं मी अर्जाच्या दोन वर्षं आधी लिहिलेलं आहे, आणि स्मरणिकेवर ठसठशीत तारीख आहे. पाणीखात्यात नियम साधा होता. ज्याच्या कागदावर आवकेची तारीख आधीची, त्याचा हक्क आधी. नळजोडाला जे लागू ते पेटंटला लागू नसायला काय झालं? परीक्षक जुनं शोधतायत ना? मग घ्या, माझंच जुनं घ्या!

ही कात्रण का जपून ठेवत असेल, याचा थोडा विचार केला. पाठीमागे स्वेटरची वीण छापलेली असणार. बायका असं जपतात. उलटून पाहायचं राहिलं.

२२ एप्रिल

वकीलबाईंना सांगायचं नाही, असं ठरवलं. त्या यातलं काव्य मारून टाकतील.

कवितेसोबत स्पष्टीकरण जोडलं. शाळेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न माझा हातखंडा होता. एकेका ओळीला एकेक परिच्छेद. ‘भडके’ म्हणजे पहिल्या टप्प्यातली पूर्ण आच. ‘ओसरते’ म्हणजे उकळीनंतरचं आपोआप नियंत्रण. ‘उठेन तोवर’ म्हणजे झाकण उघडेपर्यंत. आणि कोणाचा गैरसमज नको म्हणून शेवटी ठळक अक्षरात: ‘या कवितेतील “ती” म्हणजे कोणी स्त्री नव्हे. “ती” म्हणजे संपूर्णपणे व केवळ सदर उपकरण होय.’ खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर स्वतःच स्वतःला दहापैकी दहा दिले.

अस्सल कात्रणच पाठवलं. झेरॉक्सवर माझा विश्वास नाही. रजिस्टर पोस्टाने गेलं.

३० एप्रिल

ही दुपारभर शिवणाचा डबा उपसत होती. काय हरवलं विचारलं तर म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, वीण हवी असेल तर दुकानात पुस्तकं मिळतात. माझ्याकडे बघतच राहिली. बायकांना मधेच काय होतं कळत नाही.

९ जून

सुनावणी. वकीलबाईंच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर. नवा सदरा. ही म्हणाली, छान दिसताय, गडबडीत काही बोलू नका.

पडद्यावर परीक्षक उमटले. पांढरे केस नाहीत. एक तरुण बाई, सर्दी झालेली, शेजारी रुमालांचा ढीग. क्षणभर मन खट्टू झालं. पण त्या पहिलंच वाक्य काय बोलल्या! म्हणाल्या, अर्जदारांनी परस्पर पाठवलेली कविता आणि स्पष्टीकरण मी लक्षपूर्वक वाचलं.

लक्षपूर्वक! स्मरणिका निघाली तेव्हा संघातल्या एकाने तरी असं म्हटलं होतं का? अध्यक्षांनी तर तीत पुडी बांधली होती.

वकीलबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, कुठली कविता? मी मान डोलावली. योग्य वेळी कळेल असा अर्थ.

परीक्षक म्हणाल्या, मला फक्त एक खात्री करून घ्यायची आहे. यातली ‘ती’ नेमकी कोण? टेबलाखाली वकीलबाई पायाने ठेका धरू लागल्या, थेट माझ्याच पायावर. म्हणजे वृत्त त्यांनाही जाणवलं होतं. मी उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि चालीत कविता म्हटली. मग स्पष्ट सांगितलं, ती म्हणजे उपकरण. कोणी स्त्री नव्हे. परीक्षकांनी लिहून घेतलं आणि शिंकल्या.

बाहेर आल्यावर वकीलबाई जिन्यात पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही हे काय केलंत? तुमचा आनंद मावत नसेल तर मोकळेपणाने बोला, असं मी म्हटलं.

११ जून ते बरेच दिवस

रोज वाट पाहतो. प्रमाणपत्र भिंतीवर कुठे लावायचं ते ठरलं. खिळा ठोकला. गिलावा पडला. आता प्रमाणपत्र मोठं असलेलं बरं.

२ जुलै, सकाळी

नामंजूर.

पण कारण लिहून ठेवतो, पुढे कोणाला खोटं वाटू नये म्हणून. आदेशातलं वाक्य: ‘सदर वैशिष्ट्य अर्जदाराने स्वतःच अर्जापूर्वी दोन वर्षे कवितेद्वारे प्रसिद्ध केले आहे. अर्जदाराचे स्पष्टीकरण इतके नेमके आहे की, या विषयातील सामान्य जाणकार केवळ त्या कवितेवरून उपकरण तयार करू शकेल. सबब यात नवीन काही उरत नाही.’

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, काका, इथे आधीची तारीख तुमचा हक्क बनवत नाही, तो घालवते. मग स्वतः लिहिलेलं असलं तरी. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

म्हणजे आयुष्यभर ज्या तारखेची चाकरी केली, तिने पाठीत खंजीर खुपसला. ज्या कवितेला पोटच्या पोरीसारखं जपलं, ती फुटली. परीक्षकांनी वाचली ती याचसाठी. माझी कविता नीट समजलेली एकच व्यक्ती आजवर भेटली, आणि तिने समजून घेऊन गळा कापला.

दुपारी

हिला आदेश वाचून दाखवला. ही म्हणाली, द्या बघू. चष्मा लावून स्वतः वाचू लागली. सगळी पानं. माझं स्पष्टीकरण त्यांनी मागे जसंच्या तसं जोडलं आहे, तेही. शेवटच्या ठळक ओळीपाशी बराच वेळ थांबली.

मग म्हणाली, म्हणजे ते कात्रण तुम्ही पाठवलंत होय.

मी म्हटलं, हो, अस्सल. वीण गेली तुझी, त्याबद्दल वाईट वाटतं.

म्हणाली, मागे वीण नव्हती. मागे पाइपांची जाहिरात होती.

चष्मा घडी करून ठेवला आणि आत गेली. तिलाही नामंजुरीचा धक्का बसलेला दिसतो. म्हणजे मनातून पेटंट तिलाही हवं होतं. उगाच इतके दिवस तिच्यावर संशय घेतला.

४ जुलै

सगळं संपलेलं नाही! वकीलबाईंचा फोन. अपील करता येतं. त्या म्हणाल्या, एकच बारीक वाट आहे. ती कविता यंत्राची नाहीच, काकूंवर आहे, असं म्हणायचं. मग तिच्यात यंत्र प्रसिद्ध झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. पण तुमची सही विरुद्ध आहे, तेव्हा काकूंनी स्वतः लिहून द्यायला हवं, की ही कविता माझ्यावरच आहे हे मला छापून आली तेव्हापासून माहीत आहे.

किती सोपं! आणि बघायला गेलं तर, ओळी लागूही पडतात. भडकते, मग ओसरते. हाका मारते. मी उठेपर्यंत मारते. चक्क जुळतं! मला हे आधी कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटलं. धावत स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी घासत होती. म्हटलं, अगं, एक काम कर. एवढंच लिहून द्यायचं, की कवितेतली ती म्हणजे तू.

हिने नळ बंद केला. मला वाटलं, हसेल. भावाच्या विनोदांना हसते तशी.

म्हणाली, परवापर्यंत दिलं असतं हो, शपथेवर दिलं असतं. आता खोटं लिहायला मी यायची नाही.

मी म्हटलं, यात खोटं काय? ओळ न् ओळ जुळते आहे!

तुम्हीच सांगितलंत ना, म्हणाली. कोणी स्त्री नव्हे. ठळक अक्षरात.

आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना. मी दारात उभा राहिलो. ऐनवेळी घरचा साक्षीदार फुटला.

६ जुलै

ही भावाकडे गेली. म्हणाली, येईन चार दिवसांनी. बॅग मोठी नेली. मेहुणा स्वतः न्यायला आला होता, एकही विनोद केला नाही. कट कुठवर गेला आहे पाहा.

जाताना ही म्हणाली, दुधावर लक्ष ठेवा. मी म्हटलं, मंदाग्नी आहे.

७ जुलै, सकाळी उशिरा

आज हाका नाहीत. त्यामुळे निवांत पडून कविता आठवली. तिसरं कडवं आलं! संपूर्ण! मोठ्याने म्हटलं. घर रिकामं असलं की आवाज छान घुमतो. म्हणून पुन्हा नाही म्हटलं.

दुपारी

ठरवलं, आपण खचायचं नाही. नवा संकल्प. अपील करायचं. स्वतःचं जेवण स्वतः. पेटंट असो नसो, यंत्र आपलंच आहे. उठून कळ फिरवली आणि घटकाभर आडवा झालो.

यंत्राने काम चोख केलं. आच मोठी झाल्याचा आवाज, मग बारीक झाल्याचा. मग घंटी. जगात दुसऱ्या कुठल्याही भांड्यात नाही ती घंटी. आवाज चढत नाही, उतरत नाही.

मी पडून राहिलो. सवयीने वाटलं, कोणी तरी जाऊन बघेल. घंटी वाजत राहिली. डोळे मिटून ऐकलं. चाल ओळखीची वाटली. खूप ओळखीची. दोन वर्षांपूर्वी ती कविता लिहिली तेव्हा मी कुठे होतो, ते आठवायचा प्रयत्न केला. अंथरुणात होतो. यंत्राचं तेव्हा नावही नव्हतं.

घंटी थांबेना. शेवटी मीच उठलो. झाकण उघडलं.

आत नुसती वाफ आणि तळाशी थोडं पाणी. काल भांडं घासल्यावर राहिलेलं. तांदूळ घालायचे राहिले होते.

ते रोज हीच घालायची.